ऊसतोडीच्या गावात काम सुरू करायचंय? शिक्षण आणि उपजीविकेसाठी पायरी-पायरीने

ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी काहीतरी करायचंय, असं म्हणणारी माणसं वरचेवर भेटतात. कुणी पुण्यात नोकरी करतं, कुणी निवृत्त शिक्षक असतात, कुणी त्याच गावातून शिकून बाहेर पडलेली मुलगी असते. त्यांचा पहिला प्रश्न जवळजवळ नेहमी एकच असतो: संस्था कशी नोंदवायची? या लेखात तो प्रश्न सहाव्या पायरीवर आहे आणि ते मुद्दाम केलंय. आधीच्या पाच पायऱ्या नोंदणीशिवाय चढता येतात. त्या चढल्यावर आपल्याला संस्था खरंच हवी आहे का आणि कशासाठी, हेही कळतं.

माझं काम बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात चालतं. पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी, आष्टी, केज या भागातून दसरा-दिवाळीनंतर कुटुंबं कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूरकडे आणि सीमा ओलांडून बेळगाव-बागलकोटच्या कारखान्यांवर जातात. परत येतात ती पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये. तुमचं गाव दुसऱ्या जिल्ह्यातलं असेल, लोक वीटभट्टीवर किंवा कापूस वेचायला जात असतील, तरी पायऱ्या फारशा बदलणार नाहीत.

एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच पक्की करा. मूल शाळेतून जातं ते घर जातं म्हणून, आणि घर जातं ते उचल, म्हणजे मुकादमाकडून (मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून) मजुरीपोटी आगाऊ रक्कम, घेतलेली असते म्हणून. शिक्षणाचं काम एकीकडे आणि रोजगाराचं दुसरीकडे, असं वाटून घेतलं की दोन्ही अर्धवट राहतात.

१. आधी गावाचं वर्ष समजून घ्या

काम सुरू करण्याची सर्वात चांगली वेळ एप्रिल. माणसं गावात परतलेली असतात, हातात थोडा वेळ असतो, लग्नसराई सुरू असते. दिवाळीत जाऊन सर्वेक्षण करायला गेलात तर निम्म्या दारांना कुलपं दिसतील.

एक जाड वही घ्या. मोबाईलमधला फॉर्म नंतर. घरोघरी जाऊन एवढंच टिपा: घरात किती माणसं, त्यातली कोण ऊसतोडीला जातात, किती कोयते (नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा माणूस असेल तर अर्धा), कोणत्या भागात, गाडी सेंटर (बैलगाडीतून ऊस वाहणारे) की डोकी सेंटर (मोळ्या डोक्यावरून नेऊन ट्रकमध्ये भरणारे), मुलं कोणत्या वर्गात, गेल्या हंगामात मुलं कुठे होती, मागे कोण राहिलं. शेवटचा प्रश्न सर्वात महत्त्वाचा. धडधाकट आजी घरात असेल तर मूल गावात राहू शकतं. आजी अंथरुणाला खिळलेली असेल तर मोठी मुलगी तिच्या सेवेला मागे राहते, पण शाळेत जात नाही. आणि आईबरोबर तान्हं बाळ असेल तर आठ-दहा वर्षांची बहीण ते सांभाळायला कोपीवर, म्हणजे कारखान्याच्या भागातल्या झोपडीवर, जाते. हजेरीपटात या दोघी मुली नुसत्या ‘गैरहजर’ दिसतात. प्रत्येकीसाठी करायचं काम वेगळं आहे.

उचल किती घेतली हे चारचौघांत विचारू नका. मुकादम बहुतेकदा त्याच गावातला, कधी भावकीतलाच असतो, आणि पुढच्या हंगामाची उचलही त्याच्याकडूनच यायची असते. गावात पाय टाकताच मुकादमाविरुद्ध उभे राहिलात तर त्याची झळ तुम्हाला नाही, त्या कुटुंबाला लागते. माणसं डांबून ठेवल्याचा, उचलीपोटी जबरदस्तीने कामाला नेल्याचा प्रकार कळला तर गोष्ट वेगळी. तिथे वेठबिगार प्रथा निर्मूलन कायदा, १९७६ लागू होतो आणि तक्रार थेट जिल्हाधिकारी किंवा तहसीलदारांकडे, लेखी, पोच घेऊन करायची.

नवखी माणसं इथे हमखास एका ठिकाणी अडकतात. सरपंचांच्या ओट्यावर बैठक झाली, चहा झाला, म्हणजे गाव भेटलं असं त्यांना वाटतं. ऊसतोडीला जाणारी बहुतेक घरं वस्तीवर किंवा तांड्यावर असतात, गावठाणापासून दूर. तिथे संध्याकाळी, चुली पेटल्यावर जा. बायका बोलतात त्या वेळी. लमाण तांड्यावर घरात गोरमाटी बोलतात. सोबत तांड्यातलीच एखादी शिकलेली मुलगी असली तर अर्धं काम सोपं होतं.

२. नवीन काही देण्याआधी हक्काचं मिळवून द्या

दप्तरं, वह्या, स्वेटर वाटणं सोपं असतं आणि फोटोही चांगला येतो. पण त्याच मुलाला कायद्याने आणि योजनांनी जे मिळायला हवं ते मिळत नसेल, तर पहिली मेहनत तिथेच घाला. पैसा जवळजवळ लागत नाही, चिकाटी लागते.

*शाळाप्रवेश.* शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये झाला, १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. ६ ते १४ वयाच्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश द्यावाच लागतो. वयाचा दाखला नाही म्हणून नाकारता येत नाही, आणि मागच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून थांबवताही येत नाही. कारखान्याजवळच्या शाळेत मुलं बसवताना हे मुख्याध्यापकांना शांतपणे, कायद्याचं पान दाखवून सांगा. बहुतेक जण ऐकतात.

*शिक्षण हमी कार्ड.* कुटुंब निघण्याआधी गावातल्या शाळेकडून मुलासाठी हे घ्या. जिथे जातील तिथल्या शाळेत ते दाखवलं की मूल बसू शकतं. कर्नाटकात जाणाऱ्यांसाठी हा मार्ग तोकडा आहे, तिथली शाळा कन्नड माध्यमाची असते. त्या मुलांना गावातच ठेवण्याची खटपट आधी करा.

*हंगामी वसतिगृह.* आई-बाप ऊसतोडीला गेल्यावर मूल आजी-आजोबांकडे किंवा नातेवाइकांकडे राहतं आणि त्याच्या दोन वेळच्या जेवणाची सोय गावातच होते, अशी ही समग्र शिक्षा अभियानातली सोय आहे. ती शाळा व्यवस्थापन समितीमार्फत चालते. प्रस्ताव स्थलांतर सुरू होण्याआधी जायला हवा, म्हणून पोळ्याच्या सुमारासच मुख्याध्यापकांच्या मागे लागा: मुलांची यादी, पालकांची संमतिपत्रं, समितीचा ठराव. मंजुरी आणि पैसा उशिरा येण्याची तयारी ठेवा. ते मधले आठवडे निभावणं, म्हणजे तांदूळ, डाळ, तेल, गॅस आणि स्वयंपाक करणाऱ्या बाईंचं मानधन, हे छोट्या संस्थेने करण्याजोगं अतिशय मोलाचं काम आहे. माझ्या मते दप्तरवाटपापेक्षा कितीतरी मोलाचं, कारण मूल थांबणार की जाणार हे नेमकं त्या आठवड्यांत ठरतं.

*बालसंगोपन योजना.* वडील वारलेले किंवा घर सोडून गेलेले, आई दुर्धर आजारी, अशा घरांतल्या मुलांसाठी क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेतून दरमहा २,२५० रुपये मिळू शकतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयाकडे जातो आणि बालकल्याण समितीसमोर मुलाला घेऊन जावं लागतं. जिल्ह्याच्या ठिकाणी जाण्याचं भाडं आणि बुडालेली मजुरी यापायीच अनेक अर्ज अडून राहतात. आठ-दहा घरांना एका गाडीतून, एकाच दिवशी न्या.

*आठवीची एनएमएमएस शिष्यवृत्ती परीक्षा.* सरकारी, जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेत शिकणाऱ्या, पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असलेल्या मुलांसाठी. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. ज्या वयात मुलीचं लग्न उरकायचं घाटतं त्याच वर्षांत ही रक्कम तिच्या खात्यावर येते, म्हणून मी या परीक्षेच्या तयारीवर जास्त जोर देते.

*रेशन.* कार्डाची ई-केवायसी झालेली असेल तर कारखान्याच्या भागातही धान्य उचलता येतं. काही माणसं तिकडे आणि काही गावात असतील तर त्याच कार्डावर थोडं तिकडे, उरलेलं इकडे, असंही घेता येतं. हे अनेकांना ठाऊकच नसतं.

*ऊसतोड कामगाराचं ओळखपत्र.* ग्रामसेवकांकडे नोंद करून घ्या. लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाच्या योजना आणि संत भगवानबाबा वसतिगृहांचा प्रवेश मागताना हे कागद हाताशी लागतात.

प्रत्येक घराची एक प्लास्टिकची फाईल करून द्या. तिच्यात काय असावं:

- सगळ्यांच्या आधार कार्डांच्या प्रती, नाव-जन्मतारीख शाळेच्या नोंदीशी जुळवून
- मुलांचे जन्मदाखले. नोंदच नसेल तर ग्रामपंचायतीत उशिराच्या नोंदीचा अर्ज
- रेशन कार्ड आणि बँक पासबुकाचं पहिलं पान
- उत्पन्नाचा आणि रहिवासाचा दाखला
- जातीचा दाखला, किंवा तो काढण्यासाठीचा जुना पुरावा
- वडील वारले असतील तर मृत्युदाखला

जातीच्या दाखल्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण दहावीनंतर मुलं इथेच अडखळतात. विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात. आजोबा शाळेतच गेले नसतील तर शाळेचा दाखला येणार कुठून? अशा वेळी तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुकाची नक्कल मागा. जन्म-मृत्यूच्या त्या जुन्या नोंदींत बहुधा जात लिहिलेली असते. चुलत आजोबांची नोंद सापडली तरी वंशावळीच्या शपथपत्रासह ती चालू शकते. हे काम मुलगी सातवीत असताना हाती घ्या, बारावीच्या निकालानंतर नाही.

३. वाचनवर्ग लावा, पण आधी प्रत्येक मुलाचं वाचन ऐका

पाचवीतलं मूल पाचवीचं पुस्तक वाचत असेल असं गृहीत धरू नका. दर हंगामात चार-पाच महिने शाळा बुडालेल्या मुलाचं वाचन दुसरीच्याच पातळीवर थबकलेलं असतं.

प्रथम या संस्थेने वापरात आणलेली आणि २००५ पासून ‘असर’ सर्वेक्षणात वापरली जाणारी पद्धत इथे उपयोगी पडते, आणि ती कुणालाही वापरता येते. एका कागदावर चार गोष्टी: सुटी अक्षरं, सोपे शब्द, चार ओळींचा परिच्छेद, एक छोटी गोष्ट. मुलाला बाजूला, एकट्याला बसवा. परिच्छेदापासून सुरुवात करा. अडलं तर खाली या, जमलं तर गोष्ट द्या. एका मुलाला पाचेक मिनिटं लागतात. मग गट करा ते वाचनाच्या पातळीनुसार, इयत्तेनुसार नाही. तिसरी आणि सहावीची मुलं एका गटात बसली तरी चालतं. मोठ्या मुलाला ओशाळं वाटणार नाही एवढी काळजी घ्या. त्याच्याकडे गटाचं काहीतरी काम सोपवा.

रोज दीड तास पुरतो. गोष्ट वाचून दाखवणं, तिच्यावर बोलणं, शब्दांचे खेळ, बाराखडीचा तक्ता, थोडं लेखन. सहा आठवड्यांनी पुन्हा तोच कागद, वेगळ्या मजकुराचा. गट बदला.

शिकवणारी ताई गावातलीच असू द्या. बारावी झालेली, लग्न होऊन गावात आलेली सून हा मी पाहिलेला सर्वात टिकाऊ पर्याय आहे. शहरातून शनिवार-रविवारी येणारे स्वयंसेवक मुलांना आवडतात, पण वाचन रोजच्या सरावाने येतं. त्यांना गोष्टीची पुस्तकं आणणं, ताईला प्रशिक्षण देणं, नोंदी संगणकावर चढवणं ही कामं द्या. ताईला मानधन ठरवून, वेळेवर आणि खात्यावर द्या. ‘समाजसेवा’ म्हणून गावातल्या गरीब बाईकडून फुकट काम करून घेऊ नका.

वर्गाची जागा आणि वेळ मुलांच्या दिवसाप्रमाणे ठरवा. पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला १९४५ मध्ये सुरू झालेल्या ग्राम बाल शिक्षा केंद्रातून पुढे कोसबाडला गेलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली: मुलं कुरणावर, तर शाळाही कुरणावर. शेळ्या सांभाळणारी मुलं संध्याकाळी सहाला मोकळी होत असतील तर वर्ग सहाला. पट्टा पडून परतलेल्या मुलांसाठी एप्रिल-मेचे आठवडे सोन्यासारखे असतात; जूनमध्ये शाळा उघडेपर्यंत बुडालेलं बरंचसं भरून काढता येतं.

शिक्षकांना डावलून यातलं काही करू नका. वर्ग सुरू करण्याआधी मुख्याध्यापकांना भेटा, चाचणीचे निकाल त्यांनाच आधी दाखवा आणि बाहेर कुठेही ‘शाळेत काही शिकवतच नाहीत’ असं बोलू नका. दोनशिक्षकी शाळेत चार वर्ग सांभाळणारा माणूस तुमचा सर्वात जवळचा साथी होऊ शकतो. शाळा व्यवस्थापन समितीत किमान ७५ टक्के पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असाव्यात असं कायदा सांगतो. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली एक तरी आई त्यात निवडून यावी यासाठी जून-जुलैतच बोलणी करा.

४. मुलांची सुरक्षितता: याला पर्याय नाही

मुलांजवळ जाणाऱ्या प्रत्येक माणसाची, मग तो देणगीदार का असेना, ओळख आणि पोलीस पडताळणी करून घ्या. कोणताही मोठा माणूस मुलासोबत बंद खोलीत एकटा राहणार नाही, हा नियम लेखी असू द्या आणि वर्गाच्या भिंतीवर लावा. मुलाचा फोटो पालकांच्या संमतीशिवाय नको. नाव, गाव आणि दुःखाची कहाणी एकत्र छापलेला फोटो तर कधीच नको. त्या मुलीला पुढे त्याच गावात राहायचं आहे.

लैंगिक अत्याचाराची माहिती कळली तर पॉक्सो कायदा २०१२ नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. गावात मिटवण्याचा दबाव येईल, तो मानू नका. १०९८ हा बालमदतीचा क्रमांक चोवीस तास चालतो. बालविवाहाची कुणकुण लागली तरी हाच क्रमांक. गावपातळीवर ग्रामसेवक हे बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात. पण तक्रारीच्या खूप आधी एक काम करायचं असतं. वयात आलेली मुलगी मागे कुणाच्या भरवशावर ठेवायची, या धास्तीने आई-बाप लग्न उरकतात. कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयात किंवा शासकीय वसतिगृहात तिचा प्रवेश जुलैमध्ये झाला, तर अनेकदा लग्नाचा विषयच निघत नाही.

५. घरात पैसा कसा थांबेल ते बघा

इथे सगळ्यात जास्त घाई होते आणि देणग्या सगळ्यात जास्त वाया जातात. शिलाई मशीनं, पापडाची यंत्रं, मेणबत्तीचं प्रशिक्षण… वस्तू येतात, विकायला बाजार नसतो, यंत्रावर धूळ बसते.

आधी त्या घराचा हिशोब मांडा. उचल कशासाठी घेतली होती? लग्न, दवाखाना, पेरणी, घर, जुनं कर्ज. यातला दवाखान्याचा आणि पेरणीचा पैसा गावातच, कमी व्याजाने मिळाला तर उचलीचा आकडा खाली येतो. दोन शेळ्या देऊन जोडपं ऊसतोड सोडेल, असं कुणाला सांगू नका आणि देणगीदाराला तर अजिबात लिहू नका. पहिलं ध्येय वाजवी ठेवा: आई एक हंगाम मागे राहू शकेल, किंवा उचल नेहमीपेक्षा कमी घ्यावी लागेल. आई मागे राहिली की मुलं राहतात.

*बचत गट.* नवा गट काढण्याआधी सरकारच्या उमेद अभियानाचा किंवा माविमचा (महिला आर्थिक विकास महामंडळाचा) गट वस्तीवर आहे का ते पाहा. असला तर त्यालाच सावरा. गावातल्या समुदाय संसाधन व्यक्तीला, म्हणजे सीआरपी ताईंना, भेटल्यावाचून काही करू नका. नवा करायचाच असेल तर १० ते २० बायका, एकाच वस्तीतल्या, एकमेकींवर विश्वास असलेल्या. दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी बैठक, नियमित बचत, आपसात कर्ज, वेळेवर परतफेड आणि नीट हिशोब. गटाला बँकेत खातं उघडायला वेगळ्या नोंदणीची गरज नसते; ठराव, सदस्यांची यादी आणि पदाधिकाऱ्यांची ओळखपत्रं पुरतात.

ऊसतोडीच्या गावात गटाचे नियमही हंगामाप्रमाणे असायला हवेत. निघण्याआधीच्या बैठकीत पुढच्या महिन्यांची बचत कशी भरायची ते ठरवा: आगाऊ, फोनवरून पाठवून, की परतल्यावर एकदम. हे ठरलं नाही तर जाणाऱ्या बायका ‘थकबाकीदार’ ठरतात, गट फुटतो, आणि फुटलेल्या गटाला बँक पुन्हा दारात उभं करत नाही. दुसरा धोका दारोदार फिरून कर्ज देणाऱ्या मायक्रोफायनान्स कंपन्यांचा. एकीचा हप्ता भरायला दुसरीकडून कर्ज, असं तिपेडी झालं की त्या घराला पुन्हा मोठी उचल घ्यावीच लागते. प्रत्येक सदस्येची बाहेरची कर्जं गटाच्या वहीत लिहा.

*शेळ्या.* आमच्या भागाला उस्मानाबादी जात मानवते. दुष्काळात तग धरते, जुळी करडं देण्याचं प्रमाण चांगलं, गाभणकाळ पाच महिन्यांचा. पण वेळ चुकली की सगळं चुकतं. भाद्रपदात शेळ्या दिल्या आणि कार्तिकात घर निघालं, तर शेळी विकली जाते. त्यात त्या बाईचा काही दोष नाही. शेळ्या द्या त्या मागे राहणाऱ्या बाईला, किंवा पट्टा पडल्यावर. बाजारातून आणलेली शेळी पहिले दोन-तीन आठवडे कळपापासून वेगळी बांधा. पीपीआर या साथीच्या रोगाची लस आणि पावसाळ्याआधी आंत्रविषाराची लस पशुवैद्यकीय दवाखान्यातून टोचून घ्या, जंतनाशक द्या, कानात बिल्ला मारून विमा उतरवा. शेळी बाईच्या नावावर असावी. फुकट देण्यापेक्षा ‘पहिल्या वितातली एक पाट दुसऱ्या घराला’ हा करार बरा. घेणाऱ्या बाईचा मान राहतो आणि दुसऱ्या वर्षी देणगीशिवाय काम वाढतं.

६. आता नोंदणी

एखादं वर्ष असं काम झालं, ताईंचं मानधन नियमित द्यायचं आहे, देणग्या येऊ लागल्या आहेत, तर नोंदणी करा. ओळखीची, हिशोब चोख ठेवणारी जुनी संस्था तिच्या छत्राखाली काम करू देत असेल तर आणखी एखादं वर्ष थांबलात तरी बिघडत नाही.

महाराष्ट्रात बहुतेक जण संस्था नोंदणी अधिनियम १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० या दोन्हींखाली नोंदणी करतात. जिल्ह्याच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयात अर्ज जातो. किमान सात सभासद लागतात. तयारी अशी:

- संस्थेची दोन-तीन पर्यायी नावं
- ज्ञापन आणि नियमावली, म्हणजे घटना
- सातही जणांची ओळखपत्रं, पत्त्याचे पुरावे, फोटो, संमतिपत्रं
- कार्यालयाच्या जागेचं ना-हरकत पत्र आणि वीजबिल किंवा घरपट्टीची पावती
- शपथपत्र, पहिल्या सभेचा ठराव, अधिकारपत्र

घटना तयार विकत घेऊ नका. गोशाळेपासून अभियांत्रिकी महाविद्यालयापर्यंत पन्नास उद्दिष्टं घातलेल्या घटना बाजारात मिळतात. पुढे आयकर खात्याला आणि देणगीदारांना उत्तरं देताना त्याच अडचणीच्या ठरतात. चार-पाच स्पष्ट उद्दिष्टं पुरेत. सातही जण एकाच घरातले नकोत, आणि कामाच्या गावातली किमान दोन माणसं, त्यात एक बाई, असायलाच हवीत.

नोंदणीनंतर लगेच संस्थेच्या नावाने पॅन, दोन सह्यांचं बँक खातं, निती आयोगाच्या एनजीओ दर्पणवर नोंद. मग संस्थेच्या आणि देणगीदाराच्या कर सवलतीसाठी आयकर खात्याकडची नोंदणी, जिला सगळे १२ए आणि ८०जी म्हणतात. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू झाल्याने कलमांचे आकडे बदलले आहेत, तेव्हा धर्मादाय संस्थांचं काम नेहमी करणाऱ्या सीएकडेच जा. सुरुवातीला तात्पुरती नोंदणी तीन वर्षांसाठी मिळते. तिची मुदत संपण्याआधी नियमित नोंदणीचा अर्ज करण्याची तारीख आजच दिनदर्शिकेवर लिहून ठेवा.

विश्वस्त बदलला की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. वर्षाचा लेखापरीक्षण अहवाल आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत. हे दोन कागद साचले की चांगल्या संस्थाही वर्षानुवर्षं तारखांना खेटे घालत बसतात.

७. देणगी घेताना

नोंदणी नसताना जाहीरपणे वर्गणी गोळा करायची असेल तर त्याच १९५० च्या कायद्याच्या कलम ४१ क प्रमाणे परवानगी लागते, गणेश मंडळं घेतात तीच. स्वतःच्या खात्यावर ‘मुलांसाठी’ पैसे मागवू नका, हेतू कितीही स्वच्छ असो.

पावतीपुस्तक क्रमांकांचं ठेवा. २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीवर देणाऱ्याला कर सवलत मिळत नाही, वस्तुरूप देणगीवरही मिळत नाही. हे आधीच सांगा, नंतरची कटुता टळते. जुने कपडे ट्रक भरून नकोत, हे नम्रपणे पण ठामपणे सांगायला शिका. गोष्टीची पुस्तकं, चष्मे, सायकली हे चालेल, यादी तुम्ही द्या.

परदेशातल्या मराठी मंडळींची मदत मनापासून येते आणि नेमकी तिथेच कायद्याची चूक होते. भारतीय पासपोर्ट असलेली व्यक्ती तिकडे राहून स्वतःच्या बचतीतून बँकेच्या नेहमीच्या मार्गाने देत असेल, तर ते विदेशी अंशदान नाही. पण तिने अमेरिकेचं किंवा ब्रिटनचं नागरिकत्व घेतलं असेल, तर ओसीआय कार्ड असलं तरी ते विदेशी अंशदान आहे. सुट्टीत गावी येऊन हातात रुपयांत दिलं तरीही. एफसीआरए, म्हणजे विदेशी अंशदान नियमन कायद्याखालच्या नोंदणीशिवाय ते घेता येत नाही. ती नोंदणी मागायला संस्थेला किमान तीन वर्षं झालेली आणि त्या तीन वर्षांत कामावर १५ लाख रुपये खर्च झालेले असावे लागतात. २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेने घेतलेलं विदेशी अंशदान दुसरीला देताही येत नाही, म्हणजे ‘मोठ्या संस्थेमार्फत पाठवतो’ हा मार्गही बंद. अशा आप्तांना पैशाऐवजी वेळ मागा: ताईंना इंग्रजी शिकवणं, दहावीच्या मुलींना दर रविवारी फोनवरून गणित.

गावाचा वाटा मात्र पहिल्या दिवसापासून घ्या. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले इथे रयत शिक्षण संस्था सुरू केली, तिच्या वाढीत गावोगावच्या मुष्टिफंडाचा, घरटी मूठभर धान्याचा हात होता. आजही वसतिगृहाच्या जेवणासाठी घरटी दोन पायली ज्वारी सहज जमते. ज्वारी दिलेली आजी मग स्वतः येऊन भाकरी कशी झालीय ते बघते, आणि जेवणाचा दर्जा राखायला तेवढं पुरतं.

८. काम कुणाच्या हाती जाणार, ते आधीच लिहून ठेवा

प्रत्येक कामापुढे एक नाव हवं. हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव: शाळा व्यवस्थापन समिती. बचत गटांची देखरेख: ग्रामसंघ, म्हणजे गावातल्या गटांचा मिळून झालेला संघ. घरांच्या फायली आणि दाखले: वस्तीतली एक तरुणी, जिला त्यासाठी गटाकडून मानधन मिळेल. वाचनवर्ग: ताई आणि शाळा मिळून. पहिल्या वर्षी हे सगळं तुम्ही त्यांच्यासोबत करा, दुसऱ्या वर्षी ते करतील आणि तुम्ही सोबत जा. तिसऱ्या वर्षी पोळ्याच्या सुमारास गावात फक्त फोन करून विचारा, प्रस्ताव गेला का. नसेल गेला तर कुठे अडलं ते पाहायला एकदा जाऊन या. गेला असेल तर पोचपावतीचा फोटो मागवून घ्या आणि वही घेऊन पुढच्या तांड्यावर चला.